नानांच्या खात्यातली फ्लॉपी



या वेळी खरं तर मोबाइलवरून पैसे लुबाडणाऱ्यांवर लिहायचं होतं. मागच्या अंकात तसं कबूलही केलं होतं. पण दिवाळीच्या पंधरा दिवस आधी नानांचा फोन आला आणि विषयच बदलला. ते पैशांचं पुढच्या महिन्यात नक्की.

नाना म्हणजे माझे मोठे काका. १९८८ साली शहाद्याजवळच्या गावातून निघून भुसावळ लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले. आधी लूमवर रात्रपाळी, मग एम्ब्रॉयडरीच्या खात्यात हेल्पर, मग कारीगर, आणि २००६ पासून पांडेसऱ्यात दोन मशीनचं स्वतःचं खातं. सुरतेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे खातं म्हणजे बँकेतलं नव्हे, छोटा कारखाना. मी आता अलथाणला राहायला गेलोय, पण आईबाबा आणि नाना पांडेसऱ्यातच आहेत, त्यामुळे माझा रविवार तिकडेच जातो.

फोनवर नाना एवढंच म्हणाले, "मशीन बंद पडनी रे भाऊ, लवकर ये."

घरात एक मुलगा बीई झाला की त्याला फ्रिजपासून रिक्षाच्या मीटरपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं, अशी समजूत असते. तिला तडा जाऊ नये म्हणून मी गेलो. वीस हेडची मशीन गप्प उभी. फ्रेमवर साडी ताणलेली, मोराचा अर्धा पिसारा भरून झालेला. एम्ब्रॉयडरीत पैसे टाक्यांवर मिळतात, हजार टाक्यांना इतके. म्हणजे मशीन थांबली की मीटरच थांबला. आणि हे ऐन दिवाळीच्या सीझनला.

दोष मशीनमध्ये नव्हता. मशीन जुनी, सेकंडहँड घेतलेली. डिझाइन फ्लॉपीवरून वाचणारी. फ्लॉपी मिळेनाशा झाल्या तेव्हा २०१३ साली नानांनी फ्लॉपीच्या जागी एक छोटी पेटी बसवून घेतली. आकार फ्लॉपी ड्राइव्हचाच, समोर पेनड्राइव्हची खाच, दोन बटणं आणि लाल आकड्यांचा छोटा पडदा. पेनड्राइव्हवर शंभर कप्पे, ०० ते ९९. मशीनला वाटतं आत फ्लॉपीच आहे. या पेट्यांना बाजारात गोटेक म्हणतात. एम्ब्रॉयडरी मशीन, सीएनसी, जुने कीबोर्ड-सिंथेसायझर अशा फ्लॉपीवर अडकलेल्या यंत्रांसाठी त्या बनल्या आणि सुरतेत तर शेकड्याने खपल्या असतील.

मेला होता पेनड्राइव्ह. दहा-बारा वर्षं रोज खुपसून काढून बिचारा थकला होता. नवा आणला तर तो पेटीला ओळखू येईना, आणि त्याचे कप्पे पाडणारं जुनं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चालेना.

नाना खुर्चीत बसले. "आते काय करानं?"

मी तेच केलं जे आम्ही सगळे इंजिनियर करतो आणि घरच्यांना सांगत नाही: शोधायला बसलो. रात्री साडेअकराला कळलं, की या पेटीचं पोटातलं सॉफ्टवेअर बदलता येतं. केअर फ्रेझर नावाच्या माणसाने फ्लॅशफ्लॉपी नावाचं नवं सॉफ्टवेअर लिहून सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलंय. ते घातलं की कप्पे-बिप्पे नाही, साध्या पेनड्राइव्हवर साध्या फायली, नावासकट. फक्त एक अट: एकदा नवं घातलं की पेटीतलं मूळ सॉफ्टवेअर परत आणता येत नाही. म्हणून आधी दुसरी पेटी विकत आणली, तिच्यावर हात बसवला. मेलेल्या पेनड्राइव्हमधून जेवढं निघालं तेवढं जसंच्या तसं उतरवून घेतलं. शंभरातले ब्याण्णव कप्पे हाती लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी मोराचा उरलेला पिसारा भरला गेला.

पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. हे सॉफ्टवेअर कुणासाठी लिहिलंय, ते बघत गेलो. आपल्यासारख्या खातेवाल्यांसाठी नव्हेच. ज्यांच्यासाठी लिहिलंय ते बहुतेक जर्मनी, इंग्लंड, पोलंडमधले चाळिशी-पन्नाशी उलटलेले लोक, जे तीसेक वर्षांपूर्वी बंद पडलेला घरगुती कॉम्प्युटर अजून चालवतात. त्याचं नाव अमिगा. एम्ब्रॉयडरी मशीनसाठी बनलेली पेटी त्यांनी उघडली, आपल्या लाडक्या कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या वाचायला शिकवली, आणि ती विद्या फिरून पांडेसऱ्याच्या खात्यात आली.

माझ्या वयाच्या वाचकांना घरगुती कॉम्प्युटर म्हटलं की काय आठवेल? मला आठवतो २००० सालच्या आसपासचा टीव्हीला जोडायचा कीबोर्डवाला व्हिडिओ गेम. पाहुणे आले की बाबा सांगायचे, "कॉम्प्युटर शिकतोय." शिकत मी मारिओ होतो. पण त्याच्यासोबत एक बेसिकची कॅसेट होती आणि स्क्रीनवर स्वतःचं नाव दहा वेळा छापणारा पहिला प्रोग्रॅम मी तिच्यावरच लिहिला. सगळा कॉम्प्युटर कीबोर्डच्याच पोटात आणि पडदा म्हणजे घरचा टीव्ही. युरोप-अमेरिकेत १९८० च्या दशकात खरेखुरे कॉम्प्युटर याच घाटाचे होते. कमोडोर ६४ हा १९८२ चा, कोटीच्या वर खपलेला. आणि त्याच कमोडोर कंपनीचा थोरला, हुशार भाऊ म्हणजे अमिगा.

अमिगा पहिल्यांदा लोकांसमोर आला २३ जुलै १९८५ ला, न्यूयॉर्कमध्ये. त्या समारंभात चित्रकार अँडी वॉरहॉलने गायिका डेबी हॅरीचं चित्र अमिगावर रंगवून दाखवलं. ऑफिसातला पीसी चार किंवा सोळा रंगांवर समाधान मानत होता तेव्हा हा ४०९६ रंग दाखवत होता, चार आवाज एकदम वाजवत होता आणि एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवत होता. १९८७ चा अमिगा ५०० घरोघर गेला. पुढे टीव्ही स्टुडिओंनी त्यावर इफेक्ट केले. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात तर १९८० च्या दशकात बसवलेला एक अमिगा एकोणीस शाळांचं हीटिंग-कूलिंग सांभाळत होता, ते थेट २०१५ मध्ये बातमी येईपर्यंत. त्याचा प्रोग्रॅम शाळेतल्याच एका मुलाने लिहिला होता आणि काही अडलं की तीस वर्षांनंतरही त्यालाच बोलावत. वाचून मला नानांची मशीन आणि मी, दोघंही आठवलो.

मशीन इतकी गुणाची, पण कंपनी चालवणाऱ्यांना ती चालवता आली नाही. २९ एप्रिल १९९४ ला कमोडोरने दिवाळं काढलं. इथून पुढची गोष्ट आपल्या सुरतेतल्या कुणालाही समजेल, कारण मिल बुडाली की काय काय विकलं जातं ते आपण पाहिलेलं असतं. कुणी शेड घेतो, कुणी बॉयलर, कुणी भंगार, आणि कुणी फक्त साडीवरचा छाप. नाव तेच, आतला माल दुसऱ्याचा.

अमिगाचं तसंच झालं. १९९५ मध्ये एस्कॉम या जर्मन कंपनीने लिलावात तो घेतला, जुनी मॉडेलं पुन्हा बनवायला घेतली, लोक खूश झाले. १९९६ च्या जुलैत एस्कॉमचंच दिवाळं निघालं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या गेटवेने घेतला. नव्या मशीनच्या घोषणा झाल्या, त्या १९९९ मध्ये गुंडाळल्या गेल्या, पेटंट ठेवून घेऊन नाव पुढे विकलं. पुढच्या मालकाने २००१ मध्ये हायपेरियन या बेल्जियमच्या छोट्या कंपनीशी नवी ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्याचा करार केला. ती पूर्ण रूपात आली २००६ च्या डिसेंबरात, आणि २००७ मध्ये मालक आणि बनवणारे कोर्टात. २००९ मध्ये तडजोड. त्यानंतरही नावावरून, जुन्या प्रोग्रॅमच्या हक्कांवरून खटले होत राहिले. २०२२ मध्ये अमिगा ५०० ची छोटी प्रतिकृती बाजारात आली, तर तिच्या डब्यावर अमिगा हे नावच नाही. लेकराच्या बारशाला जमले सगळे, पण नाव ठेवायची परवानगी नाही!

या सगळ्या वर्षांत अमिगा जिवंत ठेवला कुणी? १९९५ मध्ये, म्हणजे एस्कॉमच्या काळातच, काही लोकांनी आरॉस नावाने अमिगाची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच नव्याने लिहायला घेतली. मालक कोण होईल याचा भरवसा नको म्हणून. आरॉस आजही चालू आहे. कुणी इम्युलेटर लिहिले, म्हणजे आजच्या पीसीवर जुना अमिगा हुबेहूब चालवणारे प्रोग्रॅम. कुणी फ्लॉप्या खराब व्हायच्या आत त्यांच्या प्रती काढून ठेवल्या. कुणी गोटेकची पेटी उघडली. यातल्या कुणाकडेही मालकीचा कागद नव्हता.

मालक म्हणजे खलनायकच, असंही नाही. उलट उदाहरणही आहे आणि त्याचा एक धागा भारतातही येतो. इंग्लंडच्या सर क्लाइव्ह सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा तिकडे घराघरांतला कॉम्प्युटर. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तो डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावाने १९८६ पासून विकला. आज पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या प्रोग्रॅमरला विचारून बघा, पहिला कॉम्प्युटर कोणता? कुणीतरी हे नाव घेईलच. त्याच १९८६ मध्ये इंग्लंडात सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा आणि नाव अॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना घेतलं. अॅमस्ट्रॅडने पुढे काही मॉडेलं काढली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन थांबवलं. पण नंतर त्यांनी एक मोठ्या मनाचं काम केलं. स्पेक्ट्रमच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम इम्युलेटरसोबत वाटायला हरकत नाही, असं सांगून टाकलं. हक्क आमचेच, पण वाटा खुशाल. झालं, स्पेक्ट्रम मोकळा झाला. अमिगाचा तसाच मूळ प्रोग्रॅम हवा असेल तर तो आजही पैसे मोजून घ्यावा लागतो. स्पेक्ट्रमवर मात्र लोक लिहीत राहिले, आणि २०१७ मध्ये त्यांनीच वर्गणी काढून स्पेक्ट्रम नेक्स्ट हा नवा कॉम्प्युटर उभा केला. तो २०२० मध्ये हातात पडला.

वर्गणीने सगळंच साधतं असंही नाही हं. २०१६ मध्ये स्पेक्ट्रमच्याच नावाने हातात धरायच्या एका यंत्रासाठी लोकांनी पाच लाख पौंडांहून जास्त दिले. भागीदारांची भांडणं, तारखा पुढे, थोड्याच लोकांना अर्धवट यंत्र, आणि शेवटी कंपनीच बंद. तेव्हा लाडक्या नावाची जाहिरात दिसली की भावनेच्या भरात कार्ड काढू नये.

आता सगळ्यात ताजी गोष्ट. २०२५ मध्ये कमोडोरचं नाव पुन्हा विकलं गेलं. घेणारा ख्रिस्टियन सिम्प्सन, जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ करणारा एक यूट्यूबर! व्हिडिओसाठी नावाच्या परवान्याची चौकशी करायला गेला आणि सगळी कंपनीच घेऊन बसला. त्याने पहिल्यांदा काय केलं तर जुन्या कमोडोरमधल्या काही इंजिनियरांना सल्लागार म्हणून बोलावलं. मग जुलैत कमोडोर ६४ अल्टिमेट जाहीर केला, २९९ डॉलरपासून. आत काय आहे? गिडियन झ्वाइट्झर या डच हौशी इंजिनियरने आधीच वर्षानुवर्षं घडवलेलं सर्किट. एफपीजीए नावाची चिप असते, तिला सांगितलं की ती आतून स्वतःची जोडणी बदलून जुन्या चिपसारखी वागते. म्हणजे नव्या मालकाने नाव विकत घेतलं, पण यंत्र घेतलं ते हौशी लोकांनी आधीच सांभाळलेलं. हा डाव टिकेल की नाही ते पाच वर्षांनी बोलू. एस्कॉमच्या वेळीही लोक असेच खूश होते. पण सुरुवात योग्य दारातून झाली, एवढं म्हणतो.

तुम्ही म्हणाल, तिकडच्या म्हाताऱ्या खेळण्यांचं आम्हाला काय? मलाही त्या रात्री तसंच वाटलं असतं, पण ब्याण्णव कप्पे वाचवल्यावर नानांनी कपाटातून अजून एक पिशवी काढली.

डिझाइन दोन प्रकारे साठवतात. एक डीएसटी फाइल: सुईने इथून तिथे जावं, इथे धागा कापावा, इथे रंग बदलावा, एवढंच त्यात असतं. कोणता रंग तेही नसतं. ताजिमा या जपानी मशीन कंपनीची ही पद्धत आज जवळपास सगळ्या मशीन वाचतात. दुसरी असते पंचिंग सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल. तिच्यात पान वेगळं, देठ वेगळा, भरावाची दिशा वेगळी, म्हणून डिझाइन लहानमोठं करता येतं. डीएसटी नुसतं लहान केलं तर टाके एकमेकांवर चढतात आणि कापडाचा पापड होतो.

नानांचं पंचिंग सॉफ्टवेअर एका कंपनीचं होतं, कॉम्प्युटरला डाँगल लावल्याशिवाय न चालणारं. ती कंपनी दुसरीने घेतली. डाँगल बंद पडला तेव्हा नव्या मालकांकडून उत्तर आलं: जुन्या डाँगलला सेवा नाही, वर्षाची वर्गणी भरून नवं घ्या, आणि इतक्या जुन्या फायली नव्यात उघडणार नाहीत. पिशवीतल्या सीडीवर अशा त्रेचाळीस फायली होत्या. त्यातली एक काकूंची.

काकूंना जाऊन चार वर्षं झाली. दिवसभर धागा कटिंग करून संध्याकाळी त्या वहीच्या पानावर नक्षी काढायच्या. त्यांच्या आईच्या लुगड्याच्या काठावरची कोयरी त्यांनी आठवून आठवून काढली होती. नानांनी २००९ मध्ये ती पंच केली आणि साडीच्या पदरावर भरली. आता माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलंय. तिला तीच कोयरी ब्लाउजच्या बाहीवर हवी, पदराच्या निम्म्या आकाराची. वहीचं पान केव्हाच हरवलेलं. पैसे दिलेलं सॉफ्टवेअर, स्वतःच्या घरातली नक्षी, आणि ती उघडायची किल्ली तिसऱ्याच्या खिशात.

ती फाइल मला आजही उघडता आलेली नाही, हे कबूल करतो. पण वाचलेल्या ब्याण्णव कप्प्यांत पदराच्या आकाराची डीएसटी होती. बहिणीने इंक/स्टिच नावाचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत प्रोग्रॅमला जोडून चालतं. डीएसटी उघडून टाक्यांची जाळी पडद्यावर आणली आणि तिच्यावरून कोयरी नव्याने गिरवली. तीन रविवार लागले. पहिल्या नमुन्यात कोयरीचं टोक बोथट आलं. नाना चष्मा पुसत म्हणाले, "तुझ्या आईचं टोक आत वळायचं." दुसऱ्यात वळलं. आता ती कोयरी अशा फाइलमध्ये आहे, जी अनेक प्रोग्रॅममध्ये उघडेल आणि उद्या कंपनी कुणीही घेतली तरी उघडत राहील.

म्हणून या महिन्याचा गृहपाठ. घरात तीन गोष्टी शोधा. पहिली, अशा फायली ज्या एकाच कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये उघडतात: हिशेब, नकाशे, लग्नाचा अल्बम, काहीही. तो प्रोग्रॅम चालू आहे तोवरच त्यांची साध्या प्रकारात एक प्रत काढा. दुसरी, सीडी, जुने फोन, मेमरी कार्ड. आजीचा आवाज बहुधा तिथेच अडकलेला असतो. तिसरी, आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका. त्यांच्या फायली युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फॉन्टमध्ये असतील तर आज उघडल्यावर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. छापील प्रत कुणाच्या माळ्यावर असेल तर मला कळवा. स्कॅन करायचं काम माझं. युनिकोडमध्ये टाइप करायला मात्र तरुण मंडळी लागतील. पोहे-चहा माझ्याकडून.

आणि हो, नानांच्या पेटीला मी एक छोटा नवा पडदा बसवलाय. आता तिच्यावर ०३७ असा आकडा येत नाही, डिझाइनचं नाव येतं. इंग्रजी अक्षरांत येतं, पण येतं. परवा रात्रपाळीला नानांनी बटण दाबून सगळी नावं एकेक करून पाहिली. काकूंच्या कोयरीपाशी थांबले, आणि मशीन चालू केली.